रेजिनाची सागरमोहीम

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी माणसांत जहाजावर पाऊल न ठेवता जगातल्या यच्चयावत सागरमोहिमा करून आलेला माणूस एकच, माझे चुलतसासरे. नागपूरहून इंजिनिअर म्हणून आले, ग्वेल्फच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि पुस्तकं वाचवाचून जुन्या मोहिमांबरोबर झाडं गोळा करायला गेलेल्या माळ्यांच्या नादी लागले. कप्तानांशी त्यांचं हाडवैर. "बेट दिसलं की नाव कप्तानाचं, फूल सापडलं की नाव पैसेवाल्या साहेबाचं! आणि महिनोन्महिने कुंड्या जगवणारा माळी? तो गेला ‘इतर कर्मचाऱ्यां’त!" हे ते इतक्या तावातावाने सांगत, की त्या माळ्याची बढती मीच अडवली असावी असं मला वाटे.

पूजेला गेले तरी त्यांची नजर कुंड्यांवर. ओकव्हिलच्या एका सत्यनारायणाला ऐन आरतीत काका गायब. शोधाशोध झाली, तर स्वारी सनरूममध्ये जास्वंदीची फांदी छाटत उभी. "वहिनी, मोहीम चालू आहे," एवढं म्हणून त्यांनी फांदी ओल्या टिश्यूत गुंडाळून जॅकेटच्या खिशात टाकली. पुढच्या वर्षी त्या घरच्या बाईंनी फांदी आधीच कापून दाराशी ठेवली होती, म्हणजे निदान आरती तरी पुरी व्हावी.

काकू गेल्या आणि दूर, समुद्राचा पत्ता नसलेल्या रेजिना शहरात सरकारी नोकरीत असलेल्या मुलीने त्यांना बोलावून घेतलं. तिचा काँडो छोटा. बेसमेंटमधलं सगळं जंगल काकांनी वाटून टाकलं आणि बरोबर घेतला फक्त काकूंनी वाढवलेला कढीपत्ता. तोच नेमका मरायला टेकलेला. विमानाचं नाव काढताच भडकले, "झाड सामानात आणि माळी वर खिडकीशी?" शेवटी मी गाडी काढली. मागच्या सीटवर बेल्ट लावून कढीपत्ता, हीटर फुल, बाहेर बर्फ भुरभुरतंय आणि मी बनियनवर ड्राइव्ह करतोय.

जहाजावर पाणी मोजून मिळायचं तेव्हा माळी आपल्या वाटणीचं झाडांना घालत, म्हणून काकांनीही तेच आरंभलं. प्रत्येक गॅस स्टेशनवर बाटली घ्यायची, आपले ओठ ओले करायचे आणि उरलेली कुंडीत.

"अहो काका, आत फ्रिज भरून पाणी आहे!"

"जावईबापू, शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मॅनिटोबात एका ठिकाणी मी कुंडी सरळ करायला गेलो तर खालून चिखल गळाला. मी वैतागलो. "काका, हे तहानलेलं नाही, बुडतंय! तुम्हाला कळत नाही?"

"कळतं रे," ते हळूच म्हणाले. "ती गेल्यापासून सकाळ-संध्याकाळ घालतोय. तिचं औषध मीच द्यायचो ना. वेळ झाली की हात जातो."

माझी चेष्टा तिथेच संपली. त्यांच्या हातात भरलेली बाटली होती. बराच वेळ ते कुंडीकडे बघत राहिले. मग बाटली स्वतःच्याच तोंडाला लावली आणि काढा प्यावा तसं, घोटाघोटाला थांबत, सगळं पाणी पिऊन टाकलं.

रेजिनाला पोचेपर्यंत बरीच पानं गळाली, पण शेंडा हिरवा राहिला. अजून तग धरून आहे. दर रविवारी काकांचा फोन येतो. ना बेटं, ना कप्तान.

"आज पाणी घातलं नाही रे," ते म्हणतात.

मी "शाब्बास" म्हणतो.