न्हाल्यापासूनचे एकवीस दिवस

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण रविवारी मी टोकावड्याला जाणार आहे. त्याआधी एकदा तोंडातून काढून बघायचं आहे.

मुरबाडच्या एका लहानशा लॅबमध्ये मी रक्त तपासते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे हार्मोनचं ऑटोमॅटिक मशीन आलं. नळी ठेवा, बटण दाबा — आकडा कागदावर! पहिल्या दिवशी आम्ही त्याला हारबीर घातला. तोरा मात्र माझा वाढला.

त्याच महिन्यात टोकावड्याची भारती आली. लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. डॉक्टरांनी तिला पाळीच्या एकविसाव्या दिवशी रक्त द्यायला सांगितलं होतं. बीज सुटतं की नाही, ते त्यावरून कळतं. "आज एकविसावा ना?" मी विचारलं. "हा ताई," ती म्हणाली. आता, आमच्याकडे कितीतरी बायका दिवस मोजतात ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाल्यापासून. माझी आईही तसंच मोजायची. मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण बाकावर गर्दी होती, आणि — मशीन होतं ना!

आकडा फारच कमी आला, म्हणजे बीज सुटत नाही असा. दोन दिवसांनी रिपोर्ट न्यायला तिचा नवरा आला. "ती कालपासून बाहेर बसलीय, म्हनून मीच आलो."

एकविसाव्याच्या दुसऱ्याच दिवशी पाळी? मला लख्ख कळलं — तिने न्हाल्यापासून मोजलं होतं, आणि पाळी तोंडावर आली की हा आकडा पडतोच. थांबा, दिवस चुकलाय — एवढंच तर म्हणायचं होतं. मी कागद त्याच्या हातात दिला. नव्या मशीनवर माझी चूक निघायला नको होती, बस.

त्या कागदावरून भारतीला माहेरी धाडलं. दुसऱ्या बायकोची बोलणी सुरू झाली. हे माझ्या कानावर येत होतं, तरी मी सात महिने गप्प.

मग ती बाजारात समोरच आली, अगदी वाळलेली. मी म्हणाले, "अगं, तेव्हा मशीन बिघडलं होतं. परत ये." म्हणजे आणखी एक खोटं! या वेळी दिवस मी स्वतः तिच्या बोटांवर मोजले. आकडा उत्तम आला. तो कागद घेऊन मीच तिच्या सासरी गेले. पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली.

ती पोरगी आता पहिलीत आहे, भलती बडबडी. भारती दर उन्हाळ्यात करवंदं घेऊन येते आणि बाकावरच्या बायकांना सांगते, "मशीन खोटा बोलला, पन ताईंनी पकडला." मी हसते. मग त्या प्रत्येकीला विचारते — कधीपासून मोजलंस, न्हाल्यापासून की पहिल्या दिवसापासून? एकीलाही सोडत नाही.

रविवारी सांगायचं ते ठरलं आहे. मशीन ठणठणीत होतं, भारती. खोटी मी होते.