तुळसाबाईंनी नाव घेतलं

मंदाकिनी सिस्टर डोंबिवलीच्या. नवऱ्याला "विश्राम!" अशी हाक मारतात, तेव्हा अर्धं रामनगर ओ देतं. कल्याणच्या एका खाजगी इस्पितळात बावीस वर्षं मेंदूच्या पेशंटांपाशी. डॉक्टरही त्यांना घाबरतात, फक्त कबूल करत नाहीत.

डोक्याला मार लागलेला माणूस कितपत भानावर आहे, हे दर तासाला विचारून, गुण देऊन लिहायचं असतं: स्वतःचं नाव, जागा, महिना. सिस्टरनी महिना कधीच काढून टाकलेला. कॅलेंडर बघायला उठावं लागे ना! त्याऐवजी बायकांना नवऱ्याचं नाव. "नवरा विसरली, की समजावं मेंदू गेला."

टिटवाळ्याच्या तुळसाबाई जिन्यावरून पडून सकाळी आल्या. स्वतःचं नाव सांगितलं, दवाखाना ओळखला. नवऱ्याचं विचारताच पदर तोंडाला लावून मान फिरवली. सिस्टरनी लिहिलं, 'गोंधळलेली'. दर तासाला तेच.

सून करिश्मा म्हणाली, "मॅडम, आय कधीच नाव घेत नाही त्यांचं. आमच्यात जुन्या बायका नाय घेत."

"अगं, हे हॉस्पिटल आहे. हळदीकुंकू नाही."

चार वाजता तुळसाबाई एकदम ओरडल्या, "काळ्या! ए काळुराम! म्हशी कोन सोडंल, तुजा बाप?"

अख्खा वॉर्ड हसला. पलीकडच्या खाटेवरून मीही हसलो, खोटं कशाला बोलू? सिस्टरनी लगेच पूर्ण गुण दिले. म्हशी जाऊन गोठ्यावर सात मजले उभे राहिलेत, हे कुणी विचारलंच नाही. दाराशी उभे काळुराम नवरदेवासारखे लाजले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा बायकोने नाव घेतलं! त्यांनी पेढे मागवले.

करिश्मा रडकुंडीला आली. "मॅडम, हे काहीतरी वेगळं आहे. डॉक्टरांना बोलवा ना."

"सासू सुधारली म्हणून रडणारी सून पहिल्यांदाच बघतेय हो!" सिस्टर म्हणाल्या आणि पेढा तोंडात टाकला.

पाचला तुळसाबाई हलवूनही उठेनात. एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. डोक्यात रक्त साचत होतं, ते तासाभरापूर्वीच ओरडून सांगत होतं. ऑपरेशनला ठाण्याला नेलं, पण उशीर झालेला.

चौकशी झाली. कागद चोख निघाला.

दहाव्याला मी गेलेलो. काळुराम येईल त्याला सांगत होते, "जाताना माजाच नाव घेतला तिनी."

मी करिश्माला हळूच विचारलं, "नाव का घेतलं, ते त्यांना सांगितलंस का गं?"

"काय सांगू, काका? त्या दिवशीच्या पेढ्यांतला एक त्यांनी आयच्या तोंडाला पण लावलेला."