भाऊंचा डावा पाय

गाडी कोणाचीही असो, भाऊ तिच्यासमोर उभे राहिले की उजव्या हाताची दोन बोटं वर उचलायचे आणि म्हणायचे, "पहिले बोनट." शोरूममधला तरुण रंग दाखवत असायचा, सीटचं कापड दाखवत असायचा. भाऊ त्याच्याकडे बघायचेही नाहीत. बोनट उघडेपर्यंत ती दोन बोटं खाली यायची नाहीत.

आमच्या सरकारी कचेरीत भाऊ ड्रायव्हर होते. मी आधी क्लार्क आणि मग हेडक्लार्क. मला ते "साहेब" म्हणत, पण त्यात फुगून जाण्यासारखं काही नव्हतं. पाण्याची मोटर सुरू करायला येणाऱ्या माणसालाही ते साहेबच म्हणत. कचेरीत कोणालाही गाडी घ्यायची असली, नवी किंवा जुनी, तर भाऊंना सोबत न्यायचं असा रिवाज होता. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. ज्याची स्वतःची गाडी कधीच नसते, पण ज्याने मान हलवल्याशिवाय दहा घरांत गाडी येत नाही.

भाऊ बोनटखाली वाकायचे. ऑइलची काडी काढून बोटावर घ्यायचे, वास घ्यायचे. मग इंजिन सुरू करायला सांगून डोळे मिटायचे. या वेळी कोणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. एकदा आमच्या एका अधिकाऱ्याने जुनी गाडी पसंत केली होती आणि मालक तिची स्तुती करत होता. भाऊ डोळे न उघडता म्हणाले, "तुम्ही चूप बसा ना बाप्पा. तिले बोलू द्या." तिने जे सांगितलं ते मालकाच्या सांगण्याशी जुळलं नाही. गाडी तिथेच राहिली.

त्यांच्या चालवण्याची ख्याती वेगळीच होती. आमचे एक मोठे साहेब दौऱ्यावर निघाले की वर्धा रोड लागायच्या आत झोपत. कचेरीत ते जागे असताना जे काम होई, ते पाहता ही झोप राज्याच्या हिताचीच होती. एकदा विश्रामगृह आलं, फाटकात हार घेऊन मंडळी उभी, आणि साहेब गाढ झोपेत. भाऊंनी गाडी थांबवली नाही. हार घेतलेल्या मंडळींसमोरून विश्रामगृहाला दोन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला साहेब आपोआप जागे झाले, तेव्हा पायरीशी आणून लावली. मी नंतर विचारलं तर म्हणाले, "ब्रेक लागला अन् झोप तुटली, असं माह्या गाडीत होत नाई साहेब."

निवृत्तीनंतरही माणसं त्यांना गाड्या दाखवायला नेत राहिली. पण गाड्या बदलत गेल्या होत्या, आणि भाऊंचे शेरेही. नव्या गाड्यांच्या पुढच्या मोठमोठ्या जाळ्या बघून म्हणायचे, "तोंड पाहा. चार दिवसाची उपाशी वाटते." आतला पडदा बघून म्हणायचे, "टीव्ही चांगला हाय, गाडी कुठी हाय?" हायब्रीड गाडीत एक इंजिन आणि एक मोटर असते, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगितलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे एका सीटवर दोन ड्रायव्हर. दोघंही समजते का दुसरा चालवून राहिला. आपल्या कचेरीसारखंच झालं हे."

आम्ही हसायचो. पण मी बघत होतो, असे शेरे मारून झाले की ते त्याच गाडीभोवती आणखी एक फेरी मारायचे. दाराच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. आवडत नव्हतं असं नाही. ओळख लागत नव्हती.

मग आमच्या घरी आजारपण आलं. बायकोला दर तीन आठवड्यांनी शहराच्या टोकाच्या आमच्या हुडकेश्वरहून रामदासपेठेतल्या दवाखान्यात सलाईनवाटे औषध घ्यायला जावं लागणार होतं. आमची जुनी डिझेल गाडी तिला सोसेना. डिझेलच्या वासाने जाताना मळमळायचं, आणि माझ्या चालवण्याने येताना. "तुम्ही गाडी चालवत नाही, हाकता," हे तिचं मत आजाराच्या आधीपासूनचं. पुण्याहून मुलगा म्हणाला, इलेक्ट्रिक घ्या, वास नाही, धक्के नाहीत. मी ठरवलं की गाडी घ्यायची आणि दवाखान्याच्या दिवशी चालवायला भाऊंना बोलवायचं. सत्तरी जवळ आली होती त्यांची, पण त्यांच्याइतका हलका पाय मला दुसरा माहीत नव्हता.

अर्थात, आधी त्यांना शोरूममध्ये नेलं. तिथे त्याच वेळी कोणाच्या तरी गाडीचा सोहळा चालू होता. गाडीवर लाल साटीन, बाजूला माणसाएवढी पुठ्ठ्याची किल्ली, मोठ्याने गाणं, आणि एक कुटुंब स्वतःच्याच गाडीसमोर टाळ्या वाजवतंय. भाऊ म्हणाले, "गाडीले शालू काहून नेसवला?"

मग आमच्या गाडीसमोर उभे राहून त्यांनी दोन बोटं वर केली. दाखवणाऱ्या मुलीने हसत बोनट उघडलं. आत प्लास्टिकचा एक रिकामा खण होता.

"सर, इथे सामान ठेवू शकता."

भाऊ बराच वेळ त्या खणात बघत राहिले. काडी नव्हती, पट्टा नव्हता, वाकून बघण्यासारखं काही नव्हतं. "डबा ठेवाले बरं हाय," एवढंच म्हणाले आणि बोनट लावून दिलं.

"चालवून बघा सर," मुलगी म्हणाली. भाऊ बसले. मी शेजारी, ती मागे. गाडी आवाज न करता फाटकाबाहेर आली आणि रस्त्याला लागली. वीसेक पावलांवर समोरून एक सायकल आडवी आली. घाईचं काहीच नव्हतं, नुसतं हळू व्हायचं होतं. पण भाऊंचा डावा पाय उठला. पन्नास वर्षं तो पाय गाडी हळू करताना क्लचवर गेला होता. इथे क्लच नव्हता. होता तो रुंद ब्रेक, आणि भाऊंनी क्लच दाबावा तसा तो तळापर्यंत दाबला.

गाडी जागच्या जागी थांबली. माझं कपाळ समोर आपटलं. मागे मुलीचा मोबाइल कुठेतरी उडाला. शोरूमच्या काचेतून पुठ्ठ्याची किल्ली धरलेलं ते कुटुंब आमच्याकडे बघत होतं.

"होतं सर असं, सगळ्यांचं होतं," मुलगी म्हणाली. मला वाटतं, ते "सगळ्यांचं"च त्यांना लागलं. भाऊ खाली उतरले, दार हळूच लावलं आणि फाटकाकडे चालू लागले. गाडी आत न्यायला दुसरा माणूस आला.

दोन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. "जय भीम साहेब, या," म्हणून त्यांनी खुर्ची दिली, चहा झाला, आणि मी मूळ विषयावर येताच म्हणाले, "मी नाई चालवत आता. पाय चुकला माहा."

"अहो, सवयीचा प्रश्न आहे."

"सवयच तर होती ना साहेब. दुसरं काय होतं माह्याजवळ?"

गाडी मी घेतली. पुढच्या दोन खेपांना चालवलीही मीच. वास नव्हता, हे खरं. पण धक्के गाडीचे नसून माझे होते, हे सिद्ध झालं. दुसऱ्या खेपेला परत येताना मेडिकल चौकात बायकोने मला गाडी बाजूला घ्यायला लावली आणि दार उघडून वाकली. नंतर तिने तोंड पुसलं आणि दार ओढून घेतलं. माझ्यावर टीका न करण्याइतकी ती थकलेली मी प्रथमच पाहिली.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी फाटकात भाऊंची स्कूटर उभी.

"वैनीनं फोन केला होता," ते म्हणाले.

तिने काय सांगितलं ते मला नंतर कळलं. ती म्हणाली होती, "भाऊ, आजाराचं डॉक्टर बघतील. ह्यांच्या ड्रायव्हिंगचं तुम्ही बघा."

पुढच्या खेपेला बारा दिवस होते. आमच्या भागात लेआउट पडलेत, रस्ते झालेत, घरं व्हायची आहेत. त्या रिकाम्या रस्त्यांवर भाऊ रोज सकाळी सराव करू लागले. पहिल्या दिवशी डावा पाय तीनदा उठला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून ठेवली आणि खांद्यावरच्या दुपट्ट्याने घोटा सीटखालच्या दांडीला बांधून टाकला. म्हशी घेऊन जाणारा एक म्हातारा काचेतून वाकून बघत म्हणाला, "काय गा, पाय बांधून गाडी चालवून राहिला?"

"चोर हाय तो," भाऊ म्हणाले. "बांधूनच ठेवा लागते त्याले."

मी शेजारी बसलेलो असायचो. अर्धशतक गाडी चालवलेला माणूस, ज्याच्यामागे बसून अधिकारी मोठे झाले, तो रिकाम्या प्लॉटमधून तासाला दहाच्या वेगाने पुन्हा शिकत होता. चुकला की स्वतःलाच शिवी देत होता. आमच्या कचेरीत निवृत्तीच्या समारंभात माणसाच्या थोरवीवर पुष्कळ भाषणं होत. त्यातलं एकही मला या वेळी आठवलं नाही.

नवव्या दिवशी त्यांनी दुपट्टा सोडला. पाय बांधल्यासारखाच राहिला.

खेपेच्या दिवशी आम्ही निघालो. भाऊ लांबूनच अॅक्सिलरेटरवरचा उजवा पाय उचलायचे, आणि गाडी आपल्या मनाने हळू होत जाऊन सिग्नलपाशी उभी राहायची. परत येताना बायको मागच्या सीटवर झोपली. मेडिकल चौक गेला, मानेवाडा गेला, ती झोपलेलीच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाऊंनी आरशात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गल्लीत न वळता गाडी सरळ पुढे नेली.

तेव्हापासून प्रत्येक खेपेला भाऊच. बायको आत असायची तेवढा वेळ ते दवाखान्याच्या गाड्या लावायच्या आवारात थांबायचे. एकदा मी त्यांना शोधायला गेलो, तर आमच्या गाडीपाशी नव्हते. कोपऱ्यात एक जुनी जीप उभी होती. तिचा मालक औषधं आणायला गेला असावा, इंजिन सुरूच होतं. भाऊ तिच्या बोनटला टेकून डोळे मिटून उभे.

"काय करताय भाऊ?"

"काई नाई," ते दचकून म्हणाले. "दोन गोष्टी आयकून राहिलो."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, एवढे महिने झाले, ही आमची गाडी कशी वाटते? "गाडी नाई हे," ते म्हणाले. मग पुढच्या चौकापर्यंत गेल्यावर म्हणाले, "पण चांगली हाय."

बायकोचं औषध संपलं. तपासण्या चांगल्या आल्या. डोक्यावर केस उगवू लागले तसा तिचा आवाजही पूर्ववत झाला, आणि एक दिवस तिने भाऊंना विचारलं, "मला शिकवाल?"

मी म्हणालो, "या वयात?"

भाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "वैनीचा डावा पाय कोरा हाय साहेब. त्याले काईच येत नाई. तुमच्यापरीस लवकर शिकतीन."

ती खरोखरच लवकर शिकली. मी सरावाच्या वेळी मागे बसायचो, कारण भाऊंनी मला तसं सांगितलं होतं. मागेच का, तर "पुढं बसले का तुमचा पाय हलते, अन् वैनीचं ध्यान जाते." तिने पहिल्यांदा गाडी रामदासपेठेपर्यंत नेऊन आणली तेव्हा भाऊ उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, "आता माहं काम नाई इथं." तक्रार नव्हती त्यात. त्यांना खूप बरं वाटलेलं दिसत होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. सकाळी स्कूटर धुवायला बसले आणि तिथेच आडवे झाले. आम्ही त्यांच्या घरी इंदोऱ्याला पोचलो तेव्हा गल्ली पांढऱ्या कपड्यातल्या माणसांनी भरली होती. त्यांच्या थोरल्या बहिणीला चालवत नव्हतं. भाऊंच्या मुलाने विचारलं, आत्याला गाडीतून घाटापर्यंत न्याल का? आम्ही तिला मागे बसवलं. बायको चालवायला बसली आणि अंत्ययात्रेच्या मागे, माणसांच्या पावलाने, गाडी निघाली.

वेगवेगळ्या कचेऱ्यांतले निवृत्त ड्रायव्हर शेवटी चालत होते. मी चारपाच चेहरे ओळखले. मागून कसलाही आवाज न करता एक गाडी इंचाइंचाने सरकतेय, हे त्यांच्या लक्षात आलं. एकजण मागे आला, काचेवर टकटक केली. बायकोने काच खाली केली.

"बंद पडली काय वैनी?" तो म्हणाला. "बसून राहा. उतरू नोका." आणि पुढे ओरडला, "या गा इकडं!"

गाडी चालूच आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं. बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मग तिने गाडी न्यूट्रलला टाकली आणि पाय काढून घेतला.

चार म्हातारे ड्रायव्हर मागे गेले. डिकीवर हात पडल्याचा आवाज आला. पुढे "बुद्धं सरणं गच्छामि" चालू होतं. ते पार कोपऱ्यापर्यंत आम्हाला ढकलत गेले, आणि एकही धक्का बसला नाही.