शेवटून दुसऱ्या तुकड्यावर टाळी

हे मी घरातही कुणाला सांगितलेलं नाही: इटालियन शब्दांवरचा जोर मी मुलींना चुकीचा शिकवत होतो, आणि तो चुकीचा आहे हे मला ठाऊक होतं.

इटलीला जाऊ पाहणाऱ्या नर्सेसचा क्लास मी नारायणगावात घ्यायचो. शब्दाचे तुकडे पाडायचे, शेवटून दुसऱ्या तुकड्यावर टाळी, तिथंच जोर. ओ-स्पे-दा-ले, म्हणजे दवाखाना, टाळी 'दा'वर. पाढ्यांच्या चालीत सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. क्लासचा मालक बाहेरून ऐकून खूश. पण कितीतरी इटालियन शब्द या चालीत बसतच नाहीत. मे-दि-को, म्हणजे डॉक्टर. त्याचा जोर पहिल्याच 'मे'वर. मी मात्र 'दि'वर टाळी घ्यायचो. अपवाद शिकवले की चाल मोडायची, आणि मोडक्या चालीवर वर्ग सांभाळणं मला जमत नव्हतं.

एकदा लोणीची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, मोबाईलवर तर 'मे'वर जोर देत व्हते."

"आधी 'व्हते'चं 'होते' कर," मी म्हणालो, "मग इटालियन सुधार."

वर्ग खदाखदा हसला. ती खाली बसली. पुढं तिनं काही विचारलं नाही.

पुण्यात तोंडी परीक्षेत ती माझ्याच चालीत 'मेदिको' म्हणाली. परीक्षक बाईंनी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तेच. मग तिचं तोंडच उघडेना. नापास.

तिचे वडील क्लासवर आले. "सर, तुमी लई मेहनत घेतली. आमचीच जीभ जड, न्हाई का?"

"गावाकडचे उच्चार, पावणं," मालक म्हणाला. "वेळ लागतोच."

मी मान डोलावली.

कसली जड जीभ? त्या परीक्षक बाईंना 'व्हतं' आणि 'होतं'शी काय घेणंदेणं होतं? आमच्याकडं जो उठतो तो आपल्याच माणसाची जीभ तपासतो. शिकवणाऱ्याला कुणी विचारत नाही, बाबा, तुला तरी येतं का? आणि मी कोण लागून गेलो? तिच्याच भागातल्या पेठ गावचा. कॉलेजात माझ्या 'न्हाई'वर पोरं हसली, तेव्हा मी ती बोली तोंडातून खरवडून काढली. त्यांचं ते हसणं तेवढं जपून ठेवलं, तिच्यासाठी.

ती आता लोणीहून रोज जाऊन-येऊन मंचरच्या एका दवाखान्यात नर्सचं काम करते. परत परीक्षेला बस म्हटलं की म्हणते, "आपल्याला भाषा जमत न्हाई." तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. ते वाक्य मी तिच्या तोंडात घातलं.

तू बरोबर ऐकलं होतंस, मीच चुकीचं शिकवलं, हे लोणीला जाऊन तिच्या वडिलांसमोर तिला सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.