निर्मलाचे पाहुणे आणि आमची फू-फे भाषा

त्या रविवारी घणसोली गावात निर्मलाला बघायला पाहुणे येणार होते, आणि मी सकाळपासून तिच्या स्वयंपाकघरात पोह्यांसाठी कांदे चिरत बसले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. ती गावातली, आगरी घरातली. मी कोपरखैरण्याची, मूळची साताऱ्याकडची.

तिची एकच अट होती... आधी परीक्षा, मग लग्न. वडील म्हणाले होते, पाहुणे कबूल असतील तर माझी ना नाही. म्हणजे सगळं पाहुण्यांच्या शब्दावर अवलंबून!

आता थोडं आमच्या भाषेबद्दल. आम्ही दोघींनी एक गुप्त भाषा बनवली होती. ती शाळेतली च-ची भाषा नाही हां, ती तर शेंबडं पोरही ओळखतं. आमची अगदी स्वतःची, नवे शब्द, नवे नियम. कॉलेजला 'लोझी', बंद करण्याला 'बुमका'.

पण एक घोळ होता. भाषा कितीही गुप्त असली तरी माणसाचं नाव तेच राहतं ना! वाक्यात नाव आलं की तिचा दादा पेपरातून मान वर काढायचा. मग ठरलं, नावं घ्यायचीच नाहीत. 'जो अमुक करतो तो माणूस' असंच बोलायचं.

त्यासाठी आम्ही दोन शब्द काढले. आधी 'फू', शेवटी 'फे', आणि माणसाचं जे काही वर्णन असेल ते या दोघांच्या मध्ये, डब्यात भरल्यासारखं. त्यानंतर 'टोमी', म्हणजे माणूस. येणाऱ्या मुलाने फोटोत घरातसुद्धा गॉगल लावला होता, म्हणून तो झाला 'फू लिमट झोका फे टोमी'... जो गॉगल घालतो तो माणूस. या नावावर आम्ही आठवडाभर हसलो.

फक्त एका फू-फेच्या पोटात दुसरं घालायला गेलो की आमची बोबडी वळायची. कोणाचा फे कोणाला लागला तेच कळेना... म्हणून नियमच केला, एका वाक्यात एकच डबा.

हे सगळं चालायचं स्वयंपाकघरात, वहिनीच्या समोर. वहिनी म्हणजे निर्मलाच्या दादाची बायको, पनवेलच्या पलीकडून करंजाड्याहून आलेली. आमच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. डोक्यावर पदर, सासऱ्यांसमोर शब्द नाही. ती कोलंबी सोलत बसायची आणि आम्ही बिनधास्त बडबडायचो.

पाहुणे आले. गॉगल या वेळी खिशात होता. मुलगा पावणे गावातल्या एका कंपनीत कामाला, दिसायलाही बरा. शेजारी त्याचे मामा, सगळी सूत्रं त्यांच्या हातात. 'शिकू दे की हो पोरीला, आमचं काय जातंय?' असं ते इतकं गोड बोलले की माझासुद्धा जीव भांड्यात पडला. निर्मलाच्या वडिलांनी सुपारीसाठी हात पुढे केला...

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. मी मागे बशा घेऊन. तिने निर्मलाच्या पुढ्यात वाकून कप ठेवला आणि पदराआडून हळूच म्हणाली, "फू फू लिमट झोका फे टोमी सिपरी फे टोमी, लोझी बुमका."

आमची भाषा, वहिनीच्या तोंडून! जो गॉगल घालतो त्याच्या शेजारी जो बसलाय तो माणूस कॉलेज बंद करणार. एका डब्यात दुसरा डबा, आणि दोन्हींची झाकणं बरोबर लागलेली. पाहुण्यांना वाटलं, साखरेबद्दल काहीतरी विचारतेय.

निर्मलाने कप बाजूला सरकवला. मग सरळ मामांकडे बघून म्हणाली, "परीक्षा झाल्यावरच लग्न. चालेल ना? सगळ्यांसमोर सांगा." मामांची गाडी अडकली. म्हणजे कसं आहे... घरात माणूस लागतं... पुढचं पुढे बघू... वडिलांनी शांतपणे हात मागे घेतला. "पोरीची परीक्षा होऊं दे, मंग बगू," एवढंच बोलले. सुपारी तबकातच राहिली.

पाहुणे गेल्यावर आम्ही वहिनीला मागच्या दारी गाठलं. मामा मघाशी बाहेरच्या ओट्यावर सोबत आलेल्या मध्यस्थाला सांगत होते, आधी लग्न उरकू, मग कॉलेज आपोआप सुटेल... ते हिने पाण्याचा तांब्या देताना ऐकलं होतं. पण आमची भाषा? ती कधी शिकली?

वहिनी हसत सुटली. "बाय गो, मना पन कान हायत! आन् मी काय नवीन शिकले? नवऱ्याचं नाव घ्याचं नाय, सासऱ्याचं नाय, दिराचं नाय. लगीन झाल्यापासून मी 'जे गाडी घेऊन गेले ते', 'जे जेवाला बसलेत ते' अशीच बोलताय."

मग तिने विचारलं, "आन् मना काय बोलता तुमी?" घरातल्या सगळ्यांसाठी आमच्याकडे फू-फे होतं. तिच्यासाठी नव्हतं. तिच्याबद्दल गुपचूप बोलावं असं कधी सुचलंच नव्हतं.

आम्ही घाईघाईने एक छान वर्णन जुळवायला लागलो. जी सगळं ऐकते ती... जी वेळेवर बोलते ती... वहिनीने मान हलवली. "नको. फू-फे त्या मामाला ठेवा. माजं नाव सुगंधा हाय. त्या नावानं हाक मारा, हितं कोन मारतच नाय."

निर्मलाने परीक्षा दिली, नोकरी केली, नंतर स्वतः पसंत केलेल्या घरात गेली. ती भाषा आम्ही जवळजवळ विसरलो. पण परवा मी घणसोलीला गेले, तेव्हा दारातूनच जोरात हाक मारली, "सुगंधा!" आणि आतून तिच्या सुनेच्या आधी ती स्वतःच धावत आली.