तिसरी उमेदवार

माझी मुलाखत सुरू व्हायच्या आधीच माझे गुण लिहून झाले होते. कागद विषयतज्ज्ञांच्या पुढ्यात होता, माझ्या बाजूनं उलटा. पण मी सहा वर्षं शिकवतेय. पोरांच्या वह्या बाकासमोर उभं राहून उलट्या वाचायची सवय आहे. तीन नावं. माझं तिसरं. सगळ्यांत कमी गुण माझ्यापुढं. पेनानं लिहिलेले, पक्के.

"बसा बाई," संस्थेचे अध्यक्ष म्हणाले. "चहा घ्या. टेन्शन घेऊ नका, कुणी काही इचारणार न्हाई."

"विचारू की काहीतरी," विषयतज्ज्ञ म्हणाले. "नाव तरी सांगा."

"नाव म्हाईत हाय. आपल्याच कॉलेजात तासिका घेतेत त्या."

हशा झाला. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

चहा पिऊन बाहेर आले. ही माझी मुलाखत. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं अनुदानित कॉलेज, भूगोलाची जागा. पगार सरकारचा, नोकरी कायमची आणि माणूस अध्यक्षांच्या घरचं. त्यांची सून.

बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, म्हणून सांगते. निदान तीन पात्र उमेदवार हजर असल्याशिवाय मुलाखत धरत नाहीत. एक आधीच ठरलेला असतो. उरलेले दोन आणावे लागतात. नेट-सेट झालेले, कागदपत्रं चोख असलेले. बहुतेक वेळा ज्याचं ठरलंय तोच ते गोळा करतो. जीप पाठवतो, ढाब्यावर जेवू घालतो, संध्याकाळी घरी सोडतो. आज आपण त्याच्यासाठी, उद्या तो आपल्यासाठी. आम्हा तासिकावाल्यांत, म्हणजे तासाच्या हिशोबानं पैसे मिळणाऱ्यांत, हे राजरोस चालतं. मी नांदेडकडं चौघांच्या जीपमध्ये बसले. चौघं लागले. माझी जीप कधी निघालीच नाही, कारण माझ्यासाठी आधी ठरवणारं कुणी नव्हतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला चार जेवणं लागली.

मी किनवटकडची. आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढले. आई तिथंच स्वयंपाकाला. ती दर फोनवर विचारते, "नौकरी पक्की झाली का गं बाई?" मी सांगते, होऊन राहिलीय. सहा वर्षं होऊनच राहिलीय.

या वेळी जीप नव्हती, कारण मी कॉलेजातच होते. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, अर्ज भरा. तासिका पुढं चालू ठेवायच्या ना?" मी भरला. मग म्हणाले, "सूनबाईंना नमुना पाठ द्यायचाय. तुमच्या नोट्स द्या जरा." त्याही दिल्या. वही दिली, माझ्या अक्षरातली. नकार द्यायचा असतो हे माहीत होतं. कसा देतात ते माहीत नव्हतं.

माझ्यानंतर सूनबाई आत गेल्या. मी व्हरांड्यात उभी. दार अर्धवट उघडं. आतून आवाज यायला लागला आणि मी थिजले.

"आमच्या गावाजवळ सहस्रकुंड आहे. पैनगंगा तिथं काळ्या खडकावरून खाली झेपावते. लहानपणी मी पाण्याच्या कडेला बसून खडकाचे थर बोटानं मोजायचे. माझा भूगोल तिथं सुरू झाला."

सूनबाईंचं माहेर लातूर शहरातलं. सहस्रकुंडाजवळचं आमचं इस्लापूर कुठल्या दिशेला, हे त्यांना नकाशात दाखवता आलं नसतं. ते खडक मी मोजले होते. सुट्टीत, आईची पातेली घासून झाल्यावर. मी वर्गात असंच शिकवते, स्वतःपासून सुरुवात करून, म्हणून वहीत तसंच लिहिलं होतं. बाईंनी एक शब्दही बदलला नव्हता. बदलायची गरज वाटली नव्हती.

आतून विषयतज्ज्ञ म्हणाले, "वा! अनुभवातून आलेला भूगोल."

जागा जाणार हे मी गिळलं होतं. कमी गुण गिळले होते. पण माझं बालपण माझ्यासमोर दुसऱ्याच्या तोंडून वाजलं आणि त्याला दाद मिळाली. आत काहीतरी तुटलं. आवाज न होता.

कारकून रशीदभाई हजेरीचा कागद घेऊन आले. त्या सहीनंच मुलाखत झाल्याचं सिद्ध होतं. "मॅडम, तुमची सही राहिली."

"मी करणार नाही."

"अहो, करून टाका ना. झंझट कशाला?"

दुसरे उमेदवार उदगीरचे एक सर होते. माझ्यासारखेच, तासिकेवर. सूनबाईंच्या जीपमधून आलेले. ते जवळ आले. "ताई, काय करून राहिल्या? गाडी थांबलीय."

"तुम्ही जा सर. मी सही करत नसते."

"तुमची नसली तर दोघंच राहतेत ना! सगळंच रद्द व्हतंय."

"हाव. व्हऊ द्या."

बोलणं आत गेलं. अध्यक्ष स्वतः बाहेर आले. चिडले नव्हते, तेच जास्त लागलं. समजूत घालावी तसं म्हणाले, "बाई, तुमी लई हुशार. म्हणून तर तुमाला बसवलं. येड्या माणसाला बसवलं तर मुलाखत खोटी वाटती."

त्या वाक्यानं माझे डोळे उघडले. इतकी वर्षं मला वाटायचं, माझी पात्रता यांना दिसत नाही. त्यांना ती चांगली दिसत होती. तिच्यावरच त्यांचं घर उभं होतं. माझं सेट, माझा पहिला वर्ग, माझे रात्रंदिवस हे त्यांच्या सुनेच्या नियुक्तीचं जोडपत्र होतं. चोरी करायला त्यांना माझ्यासारखं खरं माणूस लागत होतं, आणि मी दर वेळी इस्त्रीची साडी नेसून हजर.

"हुशार हाय म्हणूनच करत नाही," मी म्हणाले. रशीदभाईंना आत पाठवून माझी नोट्सची वही मागून घेतली. पर्स उचलली आणि निघाले. फाटकापर्यंत कुणी हाक मारेल असं वाटत होतं. कुणी मारली नाही.

दुसऱ्या दिवशी तासिका बंद. फोनवर, एका वाक्यात. पंधरा दिवसांत पुन्हा मुलाखत झाली, तिसरं माणूस मिळालं, सूनबाई लागल्या. मी विद्यापीठात लेखी तक्रार दिली. पोचेवर शिक्का मिळाला. बाकी काही मिळालेलं नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. नांदेडला शिकवणीच्या वर्गात दहावीच्या पोरांना नकाशे भरायला शिकवते.

मागच्या आठवड्यात उदगीरच्या सरांचा फोन आला.

"ताई, माझं जमलंय. मामा एका संस्थेवर संचालक झालेत. सोमवारी मुलाखत हाय. एक माणूस कमी पडून राहिलंय. येताव ना?"

मी पुढ्यातले पोरांचे नकाशे बाजूला सारले.

"मी आपल्यातलाच हाय की, ताई. मी काय अध्यक्षाचा पोरगा हाय का? दहा वर्षं झाली तासिकेवर. तुमी न्हाई आल्या तर जागा जाईल माझी."

खरं होतं ते. माणूस चांगला आहे, शिकवतो जीव ओतून. त्यांची दोन लेकरं मी पाहिलीत. अध्यक्षांना नाही म्हणताना राग सोबतीला होता. या वेळी सोबतीला काहीच नव्हतं.

"न्हाई सर," मी म्हणाले. "तुमच्यासाठी बी न्हाई."

त्यांनी मला एक शिवी दिली आणि फोन ठेवला. त्यांनी परत लावला तरी माझं उत्तर तेच आहे.