न हलणारा आकडा

मी मीटर बसवतो म्हटलं की लोकांना विजेचे मीटर वाटतात. माझे मीटर गारवा मोजतात. थंड पाणी शीतगृहाच्या खोलीकडे जाताना किती अंश, परत येताना किती अंश आणि मधे किती पाणी वाहिलं, एवढं कळलं की खोलीला किती गारवा पोचला याचा हिशेब मीटर स्वतःच करतो. सगळी मदार त्या दोन तापमानांतल्या फरकावर; फरक जास्त, तर गारवा जास्त. अर्धं आयुष्य मी हे फरक जुळवण्यात घालवलं, आणि खरं सांगायचं तर त्याची मला मस्ती होती.

निफाडजवळ द्राक्षं पेट्यांत भरून थंड ठेवणाऱ्या एका पॅकहाउसवर मी असा मीटर बसवला तेव्हा हंगाम तोंडावर आला होता. जाणाऱ्या पाण्याच्या पाइपात सेन्सर बसवायची नळी अजून यायची होती आणि मालकांना मीटर त्याच दिवशी चालू झालेला बघायचा होता. अशा वेळी आम्ही सगळेच करतो ते मी केलं. सेन्सरऐवजी हाताने एक आकडा भरून ठेवला, दोन अंश. तिथल्या मशीनमधून पाणी साधारण तेवढंच गार होऊन निघायचं. आठवड्याने नळी आली, सेन्सर बसला, वायर जोडली. पण हाताने भरलेला आकडा सोडून आता सेन्सरचं ऐक, हे मीटरला सांगायचं राहून गेलं. स्क्रीनवर दोन अंश दिसतच होते, त्यामुळे मला काही खटकलं नाही.

तिथला ऑपरेटर सायखेड्याचा, वीस वर्षं हेच काम केलेला. रोज सकाळी आल्या आल्या तो जाणाऱ्या पाण्याच्या वॉल्व्हवर तळहात ठेवायचा, ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी त्याची थट्टा करायचो. काका, आता हाताला सुट्टी द्या, म्हणायचो. ऐन फेब्रुवारीत, खोल्या द्राक्षांनी भरलेल्या असताना, त्याचा फोन आला.

"साहेब, वॉल्व्ह गार लागत नाय. मशीन कमी पडतंय."

मी मीटरचा फोटो मागवला. जाताना दोन, येताना आठ. फरक सहाचा, म्हणजे मशीन उलट नेहमीपेक्षा जास्त काम करत होतं. मी त्याला तसं ऐकवलं, जरा चढ्या आवाजातच. संध्याकाळी मालकांनी फोन करून विचारलं की खोल्या का गार होत नाहीत. मी क्षणभरही विचार न करता म्हणालो, मशीन ठणठणीत आहे, कुणीतरी दारं उघडी ठेवतंय. दारांची जबाबदारी ऑपरेटरची होती आणि ते मला माहीत होतं.

त्यानंतर रोज एक फोटो येऊ लागला. दोन आणि नऊ. दोन आणि दहा. मीटर जास्त गारवा दाखवेल तसे मालक ऑपरेटरवर जास्त भडकत होते. पुन्हा खोली गरम दिसली तर घरी बसवीन, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. चौथ्या दिवशी जेवताना मी सगळे फोटो एकापाठोपाठ पाहिले आणि ताट बाजूला सारलं. येणाऱ्या पाण्याचा आकडा दशांशात सारखा हलत होता. जाणाऱ्याचा प्रत्येक फोटोत दोन पूर्णांक शून्य. खरं पाणी असं कधी राहत नाही. मशीन थकत चाललं होतं, पाणी तापत चाललं होतं आणि माझा मीटर त्या तापण्यालाच गारवा म्हणून मोजत होता.

तासाभरात मी तिथे पोचलो. एक सेटिंग बदललं. दोनच्या जागी आठ पूर्णांक सहा आलं. मालक मागे उभे राहून बघत होते. चूक माझी आहे, असं मी म्हणालो. त्यांनी एका पेटीतला घड उचलून माझ्यासमोर धरला. गारवा न मिळाल्याने देठ तपकिरी पडला होता. ऑपरेटरला त्यांनी सकाळीच काढून टाकलं होतं; आता त्याला परत बोलवा, असं ते म्हणाले.

तिथून मी तडक सायखेड्याला गेलो. तो ओट्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं, माफी मागितली, मालकांनी परत बोलावलंय हेही सांगितलं. तो आपल्या तळहाताकडे बघू लागला.

"आता मी येऊन काय करू, साहेब?" तो म्हणाला. "पयल्या दिवशी वॉल्व्ह गार नव्हता. तुम्ही म्हणले गार हाय. काल हात ठेवला, तर मलाबी गारच लागला."